पाणी मारलेला पडदा

बोंडं फुटायला लागली की मला एका जागी बसवत नाही. ओट्यावर बसलो की घरात जावंसं वाटतं, घरात गेलो की वावरात, आणि वावराच्या बांधावर, धुऱ्यावर काठी टेकून उभा राहिलो की वाटतं, इथं तरी आपलं काय अडलंय. मुलगा विलास म्हणतो, "बाबा, एका जागी बसा ना. गुडघे दुखते म्हनता अन् दिवसभर फिरून राह्यले." गुडघे दुखतात, खोटं नाही. पण सकाळच्या गारव्यात कपाशीच्या पऱ्हाटीचा तो कोरडा, धुळकट वास यायला लागला की माझ्या आत काहीतरी उकरायला लागतं. कोंबडी उकिरडा उकरते तसं. तिला ठाऊक नसतं काय सापडणार. मला ठाऊक असतं, आणि तरी मी उकरतो.

आता वेचणीला बाया टेम्पोत बसून येतात. प्रत्येकीच्या कमरेला फोन. एकेक पात, म्हणजे ओळ, धरली, कापूस टाकायला पोटाशी ओटी बांधली, की अर्ध्या घंट्यात कोणीतरी आदल्या दिवशी पाहिलेला सिनेमा काढते.

"हिरो म्हातारा झाला वं आता."

"म्हातारा कायचा? तुह्या नवऱ्यापक्षा बरा दिसते."

"माह्या नवऱ्याले कोन पावडर लावते?"

"अन् थे पोरगी सारा सिनेमाभर पान्यात भिजते. तिले सर्दी कशी होत नाही?"

"तिले सकाळी उठून कापूस येचा लागत नाही. म्हनून."

हसतात, पण हात थांबत नाहीत. एक हात बोंडाला, एक ओटीकडे. मी धुऱ्यावर उभा राहून ऐकतो. हसू येतं, आणि आलं तसं जातं. कारण ह्याच वावरात, ह्याच हंगामात, सिनेमाबद्दल एका बाईनं एक मत सांगितलं होतं. ती बाई माझी बायको. ते मत तिचं पहिलं, आणि मी ते शेवटचं केलं.

माझी नात रुपाली चिखलीला कॉलेजात जाते. रविवारी दुपारी ती टीव्हीला काहीतरी जोडते आणि आम्हा सगळ्यांना सिनेमा दाखवते. संपला की वही घेऊन बसते. "बाबा, दहापैकी किती? आई, तू सांग. आबा, तुम्ही?" मी सांगतो. मला मतं पुष्कळ आहेत, कमी पडत नाहीत. मग ती आजीकडे वळते. अनसूया, म्हणजे माझी बायको, पदरानं तोंड पुसते आणि म्हणते, "ह्यायले इचार." म्हणजे मला. रुपालीला वाटतं, आजी लाजते. मुलाला वाटतं, मायला सिनेमा कळत नाही. साठ वर्षं झाली, तिच्या तोंडून अमका सिनेमा चांगला की वाईट, एवढं मी ऐकलेलं नाही. भाजीला मीठ कमी आहे हे ती गावभर सांगेल. सिनेमावर मात्र, "ह्यायले इचार."

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी छडी काढून हात पुढं कर म्हटलं. चूक माझी नव्हती. मी हात पुढं केला नाही, पाटी उचलली, घरी आलो, तो परत गेलो नाही. वडिलांनी समजावलं, मायनं समजावलं. नाही गेलो. हे मी लोकांना छाती पुढं काढून सांगत आलो. चूक नसताना आपण हात पुढं करत नाही. चूक असताना काय करतो, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. तेवढ्यासाठी हे लिहायला बसलो आहे, आणि दर दोन ओळींनी उठून पाणी पिऊन येतो आहे.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हा. पारावर अजून वाद चालायचे की आपण आता नागपूरकडचे की मुंबईकडचे. माझं लग्न होऊन एक साल झालं होतं. अनसूया डोणगावकडची. आमच्या घरात नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. ती भिंतीकडे पाहून म्हणायची, "भाकर झाली म्हना," आणि माय ते मला सांगायची, जसं काही मी बहिरा होतो. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला तो असा, वळणावरून आलेला.

वावरात तसं नव्हतं. पहिल्या दिवशी मायनं पऱ्हाटीला दहीभाताचा निवद दाखवून वेचणीची पूजा, सीतादही केली, आणि वेचणी लागली. घरचीच माणसं आणि शेजारचे दोन-चार. अनसूयेची पात माझ्या पातीला लागून आली. मुद्दाम नाही, आली. मायचं लक्ष कापसात. मधी कंबरेएवढी पऱ्हाटी, अलीकडे मी, पलीकडे ती, आणि त्या पांढऱ्या फुटलेल्या बोंडांच्या वरून तिचा आवाज यायचा. जरा घोगरा. बोलताना शेवटचा शब्द ती सोडून द्यायची, जसा ओटीत कापूस सोडावा. मी पात हळू चालवायचो. तुळशीराम माझा दोस्त, आमच्याकडे वेचायला यायचा. त्याच्या लक्षात आलं. "काऊन बे, तुह्या पातीले गोगलगाय लागली का?"

त्याच हंगामात उंद्रीच्या बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला. बैलगाडीवर भोंगा बांधून गावोगाव सांगत फिरला. दिवसभर वेचायचं आणि सांज झाली की गाड्या जुंपायच्या. आठ-पंधरा दिवसांत आम्ही तिथं चार सिनेमे पाहिले असतील.

तंबूवाल्याची एक तऱ्हा होती. बाया आणि माणसं एकत्र बसवायची सोय नाही, दोर बांधला तर भांडणं होतात, म्हणून त्यानं पडदा तंबूच्या अगदी मधोमध टांगला होता. अलीकडे माणसं, मशीनच्या बाजूला. पलीकडे बाया. खेळ सुरू व्हायच्या आधी एक जण बादली घेऊन यायचा आणि पडद्यावर सपासप पाणी मारायचा. कापड ओलं झालं की चित्र आरपार उमटायचं, मागून दिसायचं तेवढंच लख्ख. पडद्याच्या खालच्या काठातून पाणी ठिबकत राहायचं. त्या ओल्या मांजरपाटाचा वास, इंजिनाची धडधड, तुडवलेल्या गवताचा वास, आणि पडद्यापलीकडून बायांचं एकदम आलेलं हसू. आपण हसायच्या जरासं आधी त्या हसायच्या. हे मला अजून आठवतं, आणि अजून त्याचं कारण कळलेलं नाही.

तर तो गाडीवानाचा सिनेमा. नाव सांगत नाही. एक गाडीवान, त्याची बायको. दुष्काळ पडलेला. ती पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं भावाला देते, कारण त्याची लेकरं उपाशी. गाडीवान घरी येतो, कणगी रिकामी पाहतो, आणि अंगणात, चार माणसांदेखत, तिच्या तोंडात मारतो. ती माहेरी निघून जाते. पुढं तो दुखण्याला पडतो, आणि ती आपल्या पायानं परत येते. आमच्या बाजूला लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे काय झालं, ते टाळ्यांत ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वावरात त्या सिनेमाचा पार भुगा झाला. माय म्हणाली, "बैल मातर चांगले होते बाप्पा. शिंगं पाह्यले का? जोडी अशी पायजे."

तुळशीराम म्हणाला, "बैल चांगले, मानूस खोटा. सारा सिनेमाभर एक दिवस घाम आला नाही त्याले. धोतर पाह्यलं? लग्नातल्या नवरदेवासारखं. असा कोन गाडीवान राह्यते?"

"तुह्यासारखा मळका दाखवला तं कोन पैसे देईन?" माय म्हणाली.

मी म्हणालो, "शेवट बराबर केला पन. चुकली होती, वापस आली. घर राह्यलं."

तेव्हा पलीकडच्या पातीतून आवाज आला. अनसूया कोणाला उद्देशून बोलत नव्हती. बोंडाकडे पाहून बोलत होती. पण शेवटचा शब्द तिनं सोडला नाही, धरून ठेवला.

"त्यानं डाव्या हातानं मारलं तिले. कुत्र्याले हाकल्यासारखं. मी असती तं वापस गेली नसती."

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. ती बोलली म्हणून. आणि दुसऱ्या क्षणाला कानशिलं तापली. चार माणसांदेखत माझी बायको म्हणते, मी असती तर परत गेली नसती. तुळशीराम माझ्याकडे पाहत होता, पाहू काय करतो म्हणून. त्या मताला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून मी त्यातला हाताचा मुद्दा पकडला.

"डाव्या हातानं कुठं मारलं?" मी म्हणालो. "उजव्यानं मारलं. साऱ्यायनं पाह्यलं."

"डाव्यानं."

"उजव्यानं. इचार तुळशीरामले."

"उजवाच होता," तुळशीराम म्हणाला. "कडं होतं त्या हातात."

शेजारची एक बाई मध्ये बोलली, "नाही वं, डावाच होता. सिनेमातले सारेच डावखुरे राह्यतात. जेवतात बी डाव्यानं. मांगच्या सिनेमातला राजा नाही का, टिळा डाव्यानं लावे."

आता हसण्याला काही मर्यादाच राहिली नाही. तुळशीराम पऱ्हाटीत बसूनच गेला. सिनेमात सगळे डावखुरे असतात, हे बायांनी आपसात कधीचं ठरवून टाकलं होतं. शहरातल्या बाया पदर उजव्या खांद्यावर घेतात, हेही ठरवलं होतं. गावातल्या दोघी-तिघी तसा घेऊन पाहायलाही लागल्या होत्या.

आणि त्या हसण्यात मी म्हणालो, "ज्याले मारनाऱ्याचा हात धड दिसला नाही, थ्यानं मत सांगू नये."

अनसूयेनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग ओटी रिकामी करायला गेली, आणि परत आली ती पात बदलून. मायच्या पलीकडे.

ती गोष्ट वावरात राहिली नाही. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. सगळ्या बाया म्हणत डावा, सगळी माणसं म्हणत उजवा. माणसांनी निकाल लावून टाकला की बायांना उजवं-डावं कळत नाही, त्यांना सिनेमा दाखवून उपयोग काय. मारायला पाहिजे होतं की नव्हतं, परत जायला पाहिजे होतं की नव्हतं, हे कुणीच बोलेना. आणि तुळशीरामनं अनसूयेला नाव ठेवलं, डावखुरी. विहिरीवर, वाटेवर, कोणीही म्हणायचं, डावखुरी आली. मीही हसलो. एकदा नाही, पुष्कळदा.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच उंद्रीला गेलो. पुन्हा तोच सिनेमा होता. खरं तर मला खुंटा बळकट करायचा होता. हात नीट पाहून यावा, उद्या कोणी बोललं तर छातीठोक सांगता यावं. उशीर झाला, समोरची जागा भरलेली. मी कडेकडेनं सरकत तंबूच्या खांबाशी जाऊन उभा राहिलो, जिथून पडद्याची मागची बाजू तिरपी दिसत होती. सुरुवातीला नावं येत होती. मी वाचायला गेलो. तिसरीपर्यंतच्या माणसाला वाचायला वेळ लागतो, तो अक्षर अक्षर चाचपतो. म्हणून मला दिसलं, एरवी दिसलं नसतं. अक्षरं ओळखीची होती, पण तोंडं फिरवून उभी होती. क चं पोट नको त्या बाजूला. मी मान वाकडी करून पुढच्या बाजूनं पाहिलं, अक्षरं सरळ. मागून पाहिलं, उलटी. असं किती वेळ करत राहिलो, माहीत नाही. शेजारचा म्हणाला, "मानेले काही झालं का भाऊ?"

मग तो प्रसंग आला. मी पूर्ण मागं सरकलो. बायांच्या बाजूनं पाहिलं. गाडीवानानं डावा हात उचलला.

तिनं जे पाहिलं ते तसंच होतं. मी जे पाहिलं ते तसंच होतं. तंबूवाल्याला हे रोज दिसत होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही, आणि तो कशाला सांगतो. वाटेनं येताना बैल आपले आपले चालत होते आणि मी गाडीत ताठ बसलो होतो. उद्या सकाळी पातीवर गेल्या गेल्या सांगू, असं ठरवलं. सगळ्यांदेखत म्हणू, तिचं बरोबर आहे.

सकाळी पातीवर गेलो. तुळशीराम म्हणाला, "डावखुरी आज कोन्या पातीले?" मी ओटी बांधली आणि वेचायला लागलो.

उद्या सांगू. बाजारच्या दिवशी सांगू. संक्रांतीला सांगू, गोड बोलायचा दिवस असतो. सांगितलं असतं तर तुळशीराम म्हणाला असता, बायकोपुढं नमला. आणि मी नमत नव्हतो, ही माझी सगळी कमाई होती. तंबू उठून गेला. मैदानात खुंट्यांची भोकं राहिली, ती पुढच्या पावसात बुजली. पुढं चिखलीला पक्कं थेटर झालं, सगळे एकाच बाजूला बसायला लागले, तेव्हा बाया म्हणाल्या, आता सिनेमात उजव्या हाताची माणसं घ्यायला लागले वाटते. तेव्हाही मी बोललो नाही. तुळशीराम जाऊन दहा वर्षं झाली. ज्याच्यासाठी गप्प राहिलो तो माणूस गेला, आणि मी गप्पच.

मी बायकोवर कधी हात उगारला नाही. हे मी चारचौघांत सांगत असतो, आणि खरं आहे. पण हल्ली धुऱ्यावर उभं राहून त्या टेम्पोतल्या बायांचं बोलणं ऐकताना वाटतं, ह्या बिनधास्त चुकीचं बोलतात, बरोबर बोलतात, एकमेकींना उडवून लावतात, आणि उद्या पुन्हा बोलतात. बोलणं एवढं सोपं असतं. एका बाईचं ते मी काढून घेतलं, आणि काढून घ्यायला मला हात लागलाच नाही.

गेल्या रविवारची गोष्ट. सिनेमा संपला. एका घरातल्या सासू-सुनांचा होता, शेवटी सून सासरची सगळी पत्रं जाळते. रुपालीनं वही काढली. अनसूया भिंतीला टेकून कापसाच्या वाती वळत होती. रुपालीनं विचारलं, तिनं नेहमीचं उत्तर दिलं. मी उठलो, ओट्यावर गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. पुन्हा आलो.

"आबा, काही हरवलं का तुमचं?" रुपाली म्हणाली.

मी खाली बसलो. "विलासची माय," मी म्हणालो, "तुले थो तंबूतला सिनेमा आठोते? गाडीवानाचा?"

"आठोते."

"तुमच्या बाजूनं डावाच हात दिसे. मी मांगून पाह्यलं होतं. पडदा मधात होता ना, मांगून सारं उलटं दिसे. तुहं बराबर होतं."

रुपालीला क्षणभरानं उमजलं. "अय्या, म्हणजे आरशासारखं!" म्हणाली आणि खूप हसली. मुलगाही हसला. अनसूया हसली नाही. तिनं हातातली वात पूर्ण केली, ताटात ठेवली.

"हात कोन्ता का असंना," ती म्हणाली. "मारलं तं होतं ना त्यानं. साऱ्या गावानं हातच पाह्यला."

मी मान हलवली.

"तुमाले कवा समजलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता आत्ता, म्हणता आलं असतं. "तिसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

तिनं पुढचा कापूस उचलला होता, तो तसाच बोटांत राहिला. "म्हंजे येचनी चालूच होती," ती म्हणाली.

हो. चालूच होती. अजून दीड महिना होता. रोज सकाळी एका वावरात उभे होतो आम्ही, मध्ये फक्त मायची पात. मुलगा उठून बाहेर गेला. रुपाली वही मिटून आमच्याकडे पाहत राहिली.

अनसूयेनं वात वळायला घेतली. "अन् मी आजबी थेच म्हनते," ती म्हणाली. "मी नसती गेली वापस." मग ती माझ्याकडून वळली आणि रुपालीकडे तोंड करून बसली. "आता हा तुहा सिनेमा. त्या सुनेनं पत्रं जाळाले नोको होते. ठेवाले पायजे होते, लेकीले दाखवाले. अन् थे सासू वाईट नाही, तिले कोनी इचारलंच नाही, म्हनून थे तशी झाली."

"दहापैकी किती, आजी?"

"दहापैकी-बिहापैकी मले समजत नाही. मी म्हनते थे लिवून घे."

रुपाली लिहायला लागली. अनसूया सांगत राहिली. त्या सिनेमावरून मागच्या रविवारच्या सिनेमावर गेली, तिथून चिखलीच्या थेटरात, नावं विसरलेल्या कितीतरी सिनेमांवर. ज्या सिनेमांना मी हिच्याशेजारी बसून होतो आणि हिला काही वाटलं असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं, ते सगळे तिला पाठ होते, आणि एकालाही तिनं सुकं सोडलं नाही. वातींचं ताट भरलं.

त्या सुनेबद्दल माझं मत वेगळं आहे. पत्रं जाळली ते बरोबरच केलं. आजचा चौथा दिवस, मी थांबलो आहे, तिचं सांगून झालं की सांगीन म्हणून. तिचं अजून झालेलं नाही.